मंदिराच्या दारांचं सोनं

आजचा शास्त्रभाग: २ राजे १८:१३-३७ आणि १९:१४-१९



वर्षभराच्या वाचनाच्या यादीत नेमकं डिसेंबरात राजांचं पुस्तक आलंय. घरोघरी तारे लागलेत, चर्चमध्ये कॅरलची प्रॅक्टिस जोरात आहे आणि आपण मात्र अश्शूरच्या सैन्याच्या गराड्यात बसलोय. यादी मोडावी आणि आठवडाभर लूककृत शुभवर्तमान घ्यावं, असं आधी वाटलं होतं. मग काल रात्री १८वा अध्याय पुन्हा वाचला आणि मला नाताळच आठवला. माझ्या लहानपणीचा, अहमदनगरचा. तेव्हा ते अहमदनगरच होतं.

आधी शास्त्रभाग बघू. हिज्कीया चांगला राजा. त्याने मूर्ती काढल्या, उच्च स्थाने मोडली, परमेश्वराला धरून राहिला. आणि हाच राजा, अश्शूरचा सन्हेरीब यहूदाची तटबंदीची नगरं घेत लाखीशपर्यंत आला तेव्हा, त्याला निरोप पाठवतो की माझं चुकलं, तू परत जा, जे लादशील ते मी देतो. सन्हेरीब आकडा सांगतो: तीनशे किक्कार रुपं, तीस किक्कार सोनं. खजिन्यातलं सगळं रुपं गेलं तरी भागलं नसावं. कारण मग हिज्कीया मंदिराच्या दारांवरचं आणि खांबांवरचं सोनं काढून देतो. शास्त्र इथे एक बारीक गोष्ट मुद्दाम नोंदवतं, ती अशी की हे सोनं त्यानेच मढवलेलं होतं.

ही घटना साधारण इ.स.पू. ७०१ची. सन्हेरीबाने आपली बाजूही कोरून ठेवली आहे. त्याचा मातीचा षट्कोनी स्तंभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रुप्याचा आकडा त्यात बराच जास्त आहे, पण सोन्याचा तीसच. खंडणी घेणारे हिशोब नीट ठेवतात म्हणायचे.

खंडणी दिल्यावर काय झालं? १६व्या वचनात सोनं दिलं आणि १७व्या वचनात रब्शाके मोठं सैन्य घेऊन यरुशलेमच्या वेशीवर हजर. मध्ये एकही वचन नाही. मला हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण हे मी पाहिलंय. एकदा चौथीत असताना, आणि एकदा मोठेपणी, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपसमोर बसून.

१९९७ची गोष्ट. आमच्याकडे नाताळ म्हणजे पंधरा दिवसांचं काम असायचं. आजी आणि मम्मी करंज्या, चकल्या, शंकरपाळी करायच्या. नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन आम्ही पोरं बेकरीत जायचो आणि भट्टीपाशी ऊब घेत नंबराची वाट बघत बसायचो. आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून आजी प्रत्येक नानकटाईवर काट्याने खूण करायची. रात्री कॅरल पार्टी यायची, पेटी, ढोलकी, झांजा आणि चार मफलरवाले काका. त्यांच्यासाठी चहाचं मोठं पातेलं चुलीवरच असायचं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आजोबांचा तारा. बांबूच्या कामट्या तासून, सुतळीने बांधून, पतंगाचा लाल-पांढरा कागद कणकेच्या खळीने चिकटवून ते तारा करायचे. आत चाळीसचा बल्ब. अंगणातल्या उंच काठीवर तो चढला की नाताळ सुरू झाला. विकतचे तारे तेव्हाही मिळायचे, पण आजोबांना ते चालायचे नाहीत. या बाबतीत ते थोडे गर्विष्ठच होते.

त्या वर्षी मागच्या गल्लीतल्या एका आठवीतल्या मुलाने मला शाळेतून येताना अडवलं. म्हणाला, दोन रुपये दे, नाहीतर तुमचा तारा फोडतो. माझ्याकडे पैसे नव्हते. होता तो संडे स्कूलमधून दिलेला दानाचा डबा. बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्याला वर फट पाडलेली. आगमनकाळात रोज त्यात काहीतरी टाकायचं आणि नाताळच्या आधीच्या रविवारी सगळ्यांसमोर उघडायचा. मी सुरीने त्यातून दोन रुपये काढले. मीच टाकलेले होते, त्यामुळे ही चोरी नाही, असं मी स्वतःला सांगितल्याचं स्पष्ट आठवतंय.

दोन दिवसांनी त्याने तीन मागितले. मग पाच. डबा हलका वाजायला लागला, म्हणून मी त्यात खडे टाकले. आणि शेवटचे पाच रुपये दिल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी दगड आला. कागद फाटला, बल्ब फुटला. दहा रुपये देऊनही.

आता २०१४. मी सव्वीस वर्षांचा, पुण्यात सपोर्टच्या कामावर, आणि नाताळच्या आदल्या रात्री माझी शिफ्ट. घराबाहेरचा पहिलाच नाताळ. अमेरिकन क्लायंट सुट्टीवर, त्यामुळे काम काही नाही, नुसत्या बातम्या वाचत बसलेलो. त्या महिन्यात सगळीकडे एकच विषय होता, सोनी पिक्चर्स. २४ नोव्हेंबरला कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर कवटीचं चित्र आलं होतं. नंतर कंपनीचे ईमेल, न आलेले सिनेमे, कर्मचाऱ्यांची खासगी माहिती, सगळं बाहेर फेकलं गेलं. मग ‘द इंटरव्ह्यू’ नावाच्या सिनेमावरून थिएटरांना धमकी आली. उत्तर कोरियाच्या नेत्याच्या हत्येच्या कटावरची ती विनोदी फिल्म होती, २५ डिसेंबरला लागायची होती. धमकीत ११ सप्टेंबरची आठवण करून दिलेली होती. मोठ्या थिएटर साखळ्यांनी अंग काढून घेतलं आणि १७ तारखेला सोनीने प्रदर्शन रद्द केलं. दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा म्हणाले की कंपनीची ही चूक झाली. त्याच दिवशी एफबीआयने उत्तर कोरियाला जबाबदार धरलं. शेवटी सोनीने मन बदललं. २४ तारखेला सिनेमा ऑनलाइन आला आणि नाताळच्या दिवशी सुमारे ३०० छोट्या स्वतंत्र थिएटरांत लागला.

त्या नाताळालाच आणखी एक प्रकार झाला. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा एका टोळीने बंद पाडली. पोरांनी गिफ्टचा कागद फाडला, खेळ सुरू केला, लॉगिनच होईना. किम डॉटकॉम या उद्योजकाने त्या टोळीला आपल्या मेगा सेवेची ३००० व्हाउचर देऊ केली आणि हल्ला थांबवा म्हणाला. त्यांनी व्हाउचर घेतली आणि थांबवत असल्याचं जाहीर केलं. मला ते वाचून लगेच ते दोन रुपये आठवले. पुढच्या वर्षी आणखी कोणीतरी म्हणणार नाही का, की आपणही एक नाताळ बिघडवून बघू?

माझं मत तेव्हा अगदी कडक होतं. धमकीपुढे झुकायचं नाही. सोनी घाबरट, थिएटरवाले घाबरट. शिफ्टवरच्या मित्राला मी तासभर हेच सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, “तुझी बहीण त्या थिएटरात तिकीट फाडायला असती तर?” मला उत्तर सुचलं नाही. सिनेमा दाखवायचाच असं म्हणणारा मी, आणि नाताळच्या रात्री दारात उभी राहणार दुसरीच कोणीतरी. आणि ज्या हजारो कर्मचाऱ्यांची माहिती उघड्यावर पडली, त्यांना तर झुकायचं की नाही हे कोणी विचारलंही नव्हतं. तरीही मत बदललं नाही. ते बदललं २०१९ला, आणि ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

एका ओळखीच्या ताईंची छोटी पॅथॉलॉजी लॅब होती. नोकरी सांभाळून मी त्यांचं कॉम्प्युटरचं काम बघायचो. घरून दुरुस्ती करता यावी म्हणून मीच त्यांच्या सर्व्हरचं रिमोट लॉगिन इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. पासवर्ड सोपा होता, तोही मीच दिलेला. एका सकाळी ताईंचा फोन आला की रिपोर्ट उघडत नाहीत, स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी चिठ्ठी आहे. मी गेलो. सगळ्या फायली लॉक. मागणी बिटकॉइनमध्ये, आपल्या दोन लाखांच्या आसपास.

मी माझं भाषण सुरू केलं. “ताई, द्यायचे नाहीत. आपण दिले की यांचं फावतं.” ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “बॅकअप आहे ना?” बॅकअपची हार्ड डिस्क होती. ती मी सर्व्हरलाच जोडून ठेवली होती, त्यामुळे तीही लॉक झाली होती. ताई म्हणाल्या, “तत्त्व तुझं आहे, पण रिपोर्ट माझ्या पेशंटचे आहेत.” त्यांनी पैसे दिले. चावी आली, निम्म्याहून थोड्या जास्त फायली उघडल्या. उरलेल्यांसाठी आठवड्यात दुसरी मेल आली, आणखी पैशांची. १६वं वचन, १७वं वचन.

पैसे दिले यात ताईंचं चुकलं असं मला आज वाटत नाही. २०२१च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनवर हल्ला झाला, पूर्व किनाऱ्याचं पेट्रोल अडलं. त्यांनी ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारे ४४ लाख डॉलर दिले. मिळालेली चावी इतकी संथ होती की त्यांना स्वतःचे बॅकअपच वापरावे लागले. पुढे त्यातले ६३.७ बिटकॉइन अमेरिकी सरकारने परत मिळवले, पण असं नशीब दरवेळी नसतं. त्याच महिन्यात आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर असाच हल्ला झाला. सरकारने खंडणी द्यायला साफ नकार दिला. काही दिवसांत टोळीने चावी फुकट दिली, तरीही सगळं पूर्ववत व्हायला महिने लागले. त्या काळात ज्यांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या, त्या आजारी माणसांनी त्या नकाराची किंमत दिली. नकार बरोबरच होता असं माझं मत आहे. पण ती किंमत मी दिली नाही, हेही मला ठाऊक आहे. जो वाचला त्याने ऐटीत तत्त्व सांगू नये.

मला खरी टोचणी आहे ती पुढच्या गोष्टीची. चोर कुठून आत आला हे मला पहिल्याच रात्री लॉग बघून कळलं होतं. त्याच गल्लीत आणखी एक लॅब होती, तिलाही तेच सॉफ्टवेअर, तशीच रिमोट लॉगिनची सोय. त्यांचं काम बघणारा मुलगा माझ्या ओळखीचा. एक फोन करायचा होता, ‘अरे, ते बंद कर, आमच्याकडे असं झालं.’ मी केला नाही. केला असता तर झालेलं सगळं सांगावं लागलं असतं, पासवर्ड काय होता तेही. ताईंनाही गाजावाजा नको होता. पेशंट काय म्हणतील? आम्ही दोघांनी मिळून डब्यात खडे टाकले. दोन आठवड्यांनी ती लॅब बसली. तीच पद्धत, तशीच चिठ्ठी.

म्हणून आता हा अध्याय वाचताना, हिज्कीयाने द्यायला हवं होतं की नको, या प्रश्नापाशी मी फार थांबत नाही. माझं लक्ष जातं ते दारांकडे. ते सोनं त्याने मढवलेलं असलं तरी त्याचं नव्हतं. उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाचं होतं. त्या पहिल्या खेपेला त्याने कोणाला विचारल्याचं, कोणासमोर रडल्याचं, प्रार्थना केल्याचं एकही वचन नाही. निरोप गेला, आकडा आला, सोनं उतरलं. दबावाखाली माणूस देतो तेव्हा बहुतेक वेळा असंच देतो, घाईत, एकट्याने आणि दुसऱ्याच्या मालकीचं. दाराचं सोनं, दानाचा डबा, पेशंटचे रिपोर्ट, शेजाऱ्याची सुरक्षितता.

आणि रब्शाकेची चाल बघा. तो तटावर बसलेल्या लोकांना ऐकू जावं म्हणून यहूदी भाषेत ओरडतो. अधिकारी विनवतात, आमच्याशी अरामी भाषेत बोल, आम्हाला समजते, लोकांसमोर नको. हेच आजही चालतं. आधी फक्त फायली लॉक करायचे, आता ‘तुमची माहिती सगळ्यांना दाखवू’ म्हणतात. धमकी देणाऱ्याला आपली लाज कुठे आहे ते नेमकं कळतं आणि मग आपणच त्याला म्हणतो, हळू बोल बाबा, लोक ऐकतील. हिज्कीयाची लोकांना ताकीद होती, त्याला उत्तर देऊ नका. लोक गप्प राहिले. पण हे गप्प राहणं आमच्या लॅबमधल्या गप्प राहण्यासारखं नाही. इथे सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि सगळे मिळून गप्प आहेत.

मग दुसरी चिठ्ठी येते. या वेळी राजा ती घेऊन मंदिरात जातो आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवतो. मला नेहमी वाटतं, ज्या दारांतून तो आत गेला असेल ती दारं उघडीबोडकी असणार. सोनं खरवडल्याच्या खुणा दिसत असणार. आपल्याच पहिल्या चुकीच्या शेजारून चालत त्याला आत जावं लागलं असेल.

हे वाचणाऱ्यांत कॉलेजचे, पहिल्या नोकरीचे बरेच जण आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. कोणाकडे तुमचा फोटो असेल, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग असेल, ‘पाच हजार पाठव नाहीतर घरच्यांना पाठवतो’ असा मेसेज फोनमध्ये असेल, तर आज रात्री एका माणसाला सांगा. भाऊ, मैत्रीण, पाळक, कोणीही. सगळे मेसेज जपून ठेवा, १९३० नंबरवर फोन करा, सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार करा. तुम्ही आधी एकदा पैसे दिले असतील तरीही. दिलेत म्हणून आता तोंड दाखवायला जागा नाही, असं वाटतं. पण हिज्कीया आधी खंडणी देऊनच मग मंदिरात गेला होता. कंपन्यांसाठी तर २०२२पासून नियमच आहे, हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं. आमच्या क्षेत्रात अनेकांना तो जाच वाटतो. मला वाटत नाही. मला कोणीतरी सहा तासांत बोलायला लावलं असतं, तर ती दुसरी लॅब वाचली असती.

त्या मुलाला मी नंतर भेटलो. वर्षभराने. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “तेव्हा सांगायचं ना, यार.” आजही भेटलो तर बोलतो तो, पण पूर्वीसारखं नाही.

१९९७ची गोष्ट अर्धी राहिली. तारा फुटला त्या रात्री आजोबा ओट्यावर कंदिलाच्या उजेडात नवीन कागद चिकटवत बसले आणि मी शेजारी बसून प्रमाणाबाहेर रडत होतो. त्यांना कळलं असावं. मी सगळं सांगितलं, डब्यातल्या खड्यांसकट. ते म्हणाले, “पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “तुम्ही रागवाल म्हणून.” “आता रागावलोय का?” “नाही.” “मग?” आणि पुन्हा खळ लावायला लागले.

त्या मुलाच्या घरी ते भांडायला गेले नाहीत. नाताळच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पोरांसोबत तोही आमच्या दारात आला आणि आजीने त्याच्याही हातावर इतरांइतकाच फराळ ठेवला. मला भयंकर राग आला होता. अजूनही थोडा येतो.

पण त्याच्या आधी तो रविवार होता, डबे उघडायचा. मला वाटलं होतं, आजोबा गुपचूप खडे काढून दहा रुपये टाकतील. ते त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी डबा तसाच माझ्या हातात दिला, चर्चपर्यंत सोबत चालले आणि संडे स्कूलच्या दाराशी थांबले. माझं नाव आल्यावर बाईंनी डबा टेबलावर उलटा केला. नाणी आणि नऊ खडे. एक खडा घरंगळत खाली पडला आणि पुढच्या रांगेतल्या कोणीतरी तो उचलून बाईंना नेऊन दिला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं. आजोबा मफलर सारखा करत उभे होते. मग मी बोलायला लागलो.

उद्याचा शास्त्रभाग: मत्तय २:१३-१५. हेरोदाच्या धमकीपुढे योसेफ लढतही नाही आणि झुकतही नाही, रात्रीत उठून बाळाला आणि मरीयेला घेऊन मिसरला जातो. पळून जाणं म्हणजे झुकणं का, यावर उद्या बोलू.